वरच्या ग्रेडचा भ्रम

रावेतपासून निगडी, भोसरी, तळवडे आणि पुढे चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात धातूंविषयी एक समजूत इतकी खोल रुजली आहे की ती समजूत आहे, हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. धातूंची एक शिडी आहे, असे ती सांगते. तळाला साधे पोलाद, त्यावर मिश्र पोलाद, मग स्टेनलेस, मग ड्युप्लेक्स आणि सर्वांत वर निकेलचे मिश्रधातू. जितके वर चढाल तितकी ताकद अधिक, गंज कमी आणि बिल मोठे. म्हणजे निवडीचा प्रश्न मुळात पैशाचा. परवडेल ती सर्वांत वरची पायरी गाठायची, 'नेस' या मानकाचे सर्टिफिकेट जोडायचे आणि निर्धास्त व्हायचे. गाड्यांच्या सुट्या भागांवर वाढलेले इथले फोर्जिंग, मशिनिंग आणि हीट ट्रीटमेंटचे कारखाने आता तेल-वायूच्या कामांकडेही वळतात आणि ही शिडी ते सोबत घेऊन जातात. मोटारीच्या भागांना ती बऱ्यापैकी पुरली. हायड्रोजन सल्फाइड असलेल्या विहिरीच्या केसिंगला मात्र ती लागू नाही. तिथे ती अपुरी आहे एवढेच म्हणून भागणार नाही, ती उलटी आहे आणि म्हणून घातक आहे.

विषय परका समजण्याचे कारण नाही. मुंबई हाय १९७४ साली सापडले, वसईचे वायुक्षेत्र १९७६ साली. वसईच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड आहे, म्हणूनच तो समुद्राखालच्या नळातून गुजरातेत हजीऱ्याला नेऊन तिथे शुद्ध करावा लागतो आणि त्यातले गंधक वेगळे काढले जाते. तेल उद्योगाला लागणाऱ्या सीमलेस नळ्या अहिल्यानगर, बारामती, सिन्नर आणि नागोठण्याच्या परिसरात तयार होतात. केसिंग म्हणजे विहिरीच्या भोकाला आतून लावलेली आणि मागे सिमेंट भरून जमिनीशी जखडलेली पोलादी नळी. तेल-वायू वर आणणारी ट्युबिंग बिघडली तर ती उपसून बदलता येते. सिमेंटात पक्की झालेली केसिंग तशी उपसता येत नाही. ती विहिरीच्या आयुष्यभर तिथेच राहते, आणि ट्युबिंग गळली तर आतला वायू आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये तेवढी एकच भिंत उरते. तो वायू कसला, हेही सांगायला हवे. हवेत त्याचे प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेले की नाक बधिर होते आणि सडक्या अंड्याचा ओळखीचा वास येईनासा होतो. प्रमाण हजाराकडे गेले की काही मिनिटांत माणूस दगावतो. डिसेंबर २००३ मध्ये चीनच्या चोंगछिंग भागात ड्रिलिंग चालू असलेली एक विहीर उसळली आणि या वायूने २४३ माणसे मेली, त्यांत आसपासच्या गावांतले रहिवासीच बहुसंख्य होते. त्या दुर्घटनेचे कारण केसिंगचा धातू नव्हता. पण अशी विहीर फुटते तेव्हा कोणाच्या दारात काय येते, हे समजायला तेवढा दाखला पुरे.

आता शिडीचा पहिला दावा घेऊ: अधिक मजबूत, अधिक कठीण पोलाद अधिक सुरक्षित. हायड्रोजन सल्फाइड आणि पाणी पोलादाला भिडले की पोलाद थोडे झिजते आणि त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. एरवी हे अणू जोडीने एकत्र येऊन वायू होऊन निघून गेले असते. सल्फाइड ती जोडी जमू देत नाही, म्हणून सुटे अणू पोलादाच्या आत शिरतात. मऊ पोलाद त्यांना बरेच सोसते. कठीण, ताणाखाली असलेले पोलाद मात्र सोसत नाही, ते ठरलेल्या ताकदीच्या कितीतरी खालीच तडकते आणि तडकण्याआधी वाकून, ताणून इशाराही देत नाही. म्हणून साध्या आणि मिश्र पोलादाला अशा कामात सर्वसाधारणपणे २२ एचआरसी ही कठीणपणाची वरची मर्यादा घातलेली आहे. मोटारीच्या कामात किमान कठीणपणा तपासायची सवय असलेल्या माणसाने हा फरक नीट लक्षात घ्यावा: इथे कमाल पाहायची असते. ईएन-१९ हे पोलाद या पट्ट्यातल्या प्रत्येक शॉपला पाठ आहे. ते २८ ते ३२ एचआरसीला टेम्पर करून दिले की गिऱ्हाईक खूश होते. त्याच जातीचे क्रोम-मॉली पोलाद विहिरीच्या तोंडावरच्या सामानातही वापरतात, पण टेम्पर करून २२च्या खाली आणून. रसायन तेच, भट्टीतले तापमान वेगळे, आणि त्यावर ठरते की भाग टिकणार की तडकणार. ईएन-२४ तर इथे ईएन-१९च्या वरची पायरी मानली जाते, कारण त्यात सुमारे दीड टक्का निकेल असते. सल्फाइडच्या कामासाठीचे 'नेस' मानक मात्र अशा पोलादात निकेल एक टक्क्याहून कमी असावे असे सांगते. मग वेगळ्या चाचण्यांनी सिद्ध केल्याशिवाय ईएन-२४ त्या दारातून आतच येत नाही. कुठे गेली शिडी?

बोल्टचेही तेच. नेहमीच्या कामाला बी-७ चालतो, सल्फाइड लागणार असेल तिथे बी-७एम मागतात, आणि बी-७एमची ताकद बी-७पेक्षा कमी असते. गिऱ्हाईक पैसे मोजून कमी ताकदीचा बोल्ट मागते, ते अज्ञानाने नव्हे. या पट्ट्यातल्या लोकांना हे कळणार नाही असेही नाही. १०.९ आणि १२.९ ग्रेडच्या बोल्टला जस्ताचा मुलामा दिल्यावर काही तासांच्या आत ते दोनशे अंशांच्या आसपास तापवून ठेवायचे असतात, हे भोसरीतल्या प्लेटिंगवाल्याला ठाऊक असते. मुलाम्याच्या टाकीत पोलादात शिरलेला हायड्रोजन बाहेर काढण्यासाठीच ते बेकिंग असते. टाकीतल्या काही मिनिटांच्या हायड्रोजनला जो इतका घाबरतो, त्याने वर्षानुवर्षे हायड्रोजन भरवणाऱ्या विहिरीसाठी कठीण पोलाद चांगले कसे म्हणावे? विहिरीत बेकिंगची भट्टी नसते.

केसिंगच्या ग्रेडमध्येही हाच घोटाळा होतो. एल-८०, टी-९५, पी-११०, क्यू-१२५ हे आकडे किमान ताकदीचे आहेत, सल्फाइडपुढच्या टिकाऊपणाचे नव्हेत. एल-८० आणि टी-९५मध्ये ताकदीला वरची मर्यादाही बांधलेली आहे आणि कठीणपणालाही: एल-८०ला २३ एचआरसी, टी-९५ला २५.४. पी-११०ला कठीणपणाची अशी मर्यादा नाही. तरीही 'टी-९५ मिळत नाही, मग पी-११० द्या, वरचा ग्रेडच आहे' हा युक्तिवाद ऐकू येतो. त्याच्या समर्थनाला सांगितले जाते की पी-११० सल्फाइडच्या विहिरींत वापरलेले आहे. वापरलेले आहे, पण कुठे? मानक त्याला ८० अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम जागीच परवानगी देते, क्यू-१२५ला १०७ अंशांच्या वर. सल्फाइडने पोलाद तडकण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो खोलीच्या साध्या तापमानाला, पोलाद गरम झाले की तो कमी होतो. जमिनीत दर शंभर मीटर खोलीला तापमान साधारण तीन अंशांनी वाढते, म्हणून खोलवरच्या गरम भागात पी-११० चालू शकते आणि वरच्या थंड भागात तेच धोक्याचे ठरते. शिवाय वाहत्या विहिरीतून गरम द्रव वर येतो म्हणून चालू असताना वरचा भागही तापतो, पण विहीर बंद केली की तो थंड होतो. ट्युबिंग गळली तर पहिले काम काय करतात? विहीर बंद करतात. म्हणजे वायू केसिंगपर्यंत पोचण्याची वेळ आणि केसिंग थंड पडण्याची वेळ एकच येते. ग्रेडची निवड चालू विहिरीच्या तापमानावर करणाऱ्याने नेमका हाच क्षण हिशेबाबाहेर ठेवलेला असतो.

दुसरा दावा स्टेनलेसचा. रावेतला पवना नदीतून पाणी उचलले जाते आणि तेच पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना येते. इथल्या माणसाच्या मनात गंजाचे जे चित्र आहे ते या गोड्या पाण्यात आणि पावसाळी हवेत तयार झाले. या पाण्यात ३१६ ग्रेडचे स्टेनलेस खरोखर टिकते, त्याबद्दल वाद नाही. पण समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे १९ हजार मिलिग्रॅम क्लोराइड असते आणि तेलक्षेत्रातले खोलातले पाणी त्याहूनही खारट असू शकते. अशा पाण्यात ३१६ला भोके पडू शकतात आणि ऊब साठ अंशांच्या पुढे गेली की ताणाखाली तडेही जातात. पोलादाला थंडी वाईट, स्टेनलेसला उष्णता वाईट. एकाच विहिरीत वर एक धोका, खाली दुसरा. एका सरळ शिडीवर हे दोन्ही कसे मांडणार?

१३ टक्के क्रोमियमची नळी घ्या. कार्बन डायऑक्साइडच्या विहिरीत ती उत्तम काम करते, साधे पोलाद जिथे भराभर झिजते तिथे ती टिकते. म्हणून ती 'गंजरोधक' म्हणून विकली जाते आणि विकत घेणारा ती सल्फाइडलाही पुरेल असे धरून चालतो. मानक तिला हायड्रोजन सल्फाइडच्या १० किलोपास्कल आंशिक दाबापर्यंत आणि पाण्याचा पीएच ३.५च्या खाली नसेल तरच परवानगी देते. आंशिक दाब म्हणजे एकूण दाबातला त्या वायूचा वाटा. इथे फसगत होते, कारण प्रमाण ऐकायला किरकोळ वाटते. विहिरीत ३०० बार दाब आहे आणि वायूत दहा लाखांत ५० भाग हायड्रोजन सल्फाइड आहे असे धरा. पन्नास भाग म्हणजे कुणी दखलही घेणार नाही. पण ३०० बारमधला त्याचा वाटा होतो दीड किलोपास्कल, आणि पोलादाच्या बाबतीत सावधगिरी सुरू करायची रेघ आहे ०.३ किलोपास्कलवर. म्हणजे रेघ पाच पटीने ओलांडली गेलेली. त्या दाबाला दहा लाखांत दहा भागही पुरतात. प्रमाणाचा आकडा दाबाशिवाय लिहिणारी चौकशी आली, की ती चौकशी अपुरी आहे असे समजावे. बरे, १३ क्रोमच्या वरची पायरी ड्युप्लेक्सची. केसिंगला लागणारी ताकद यावी म्हणून ड्युप्लेक्सची नळी थंड अवस्थेत ओढून कठीण करतात. अशा २२ क्रोमच्या नळीला मानकाने दिलेली मर्यादा २ किलोपास्कल आहे. म्हणजे हायड्रोजन सल्फाइडच्या हिशेबात खालच्या पायरीवरच्या १३ क्रोमच्या एक पंचमांश. जास्त पैसे मोजून, जास्त क्रोमियम घेऊन, सल्फाइडसाठी कमी मुभा मिळाली. हे ज्याला विचित्र वाटते त्याने शिडीवर विश्वास ठेवलेला असतो.

यावर हमखास उत्तर येते: मग सरळ निकेलचा मिश्रधातू घ्या, वरपासून खालपर्यंत. पैसे गेले तरी चालतील, विहीर तर वाचेल. कझाकस्तानातल्या काशागानचा दाखलाही देता येतो. तिथे सप्टेंबर २०१३ मध्ये उत्पादन सुरू झाले, काही आठवड्यांतच नळांतून गळती लागली, सल्फाइडने नळ तडकल्याचे निघाले, सगळे नळ बदलावे लागले आणि उत्पादन पुन्हा सुरू व्हायला २०१६ उजाडले. या दाखल्यातून निघणारा निष्कर्ष मात्र 'सगळीकडे महाग धातू' हा नाही. नवे नळ घातले ते पोलादाचेच, आतून निकेल मिश्रधातूचा थर दिलेले: जिथे वायू भिडतो तिथे मिश्रधातू, जिथे ताकद हवी तिथे पोलाद. केसिंगचाही विचार असाच विभागून व्हायला हवा. ट्युबिंगच्या बुडाशी, ट्युबिंग आणि केसिंग यांच्यामधली पोकळी खालून बंद करणारा पॅकर असतो. पॅकरच्या खालचा केसिंगचा भाग किंवा लायनर विहिरीच्या द्रवात रात्रंदिवस बुडालेला असतो, तिथे गंजरोधक मिश्रधातू वाजवी आहे. पॅकरच्या वर, ट्युबिंग आणि केसिंग यांच्यामधल्या पोकळीत आपणच भरलेला द्रव असतो, वायू तिथे येतो तो गळती झाली तरच. तिथे लागते ती तडकणार नाही अशी केसिंग, म्हणजे नियंत्रित कठीणपणाचे टी-९५सारखे पोलाद आणि त्या पोकळीतल्या द्रवाची चोख निगा. तिथेही निकेल लावणे म्हणजे काळजी न घेण्याची भरपाई पैशाने करणे. शिवाय धोका उरतोच. निकेलचा मिश्रधातू आणि साधे पोलाद खारट पाण्यात एकमेकांना टेकले की पोलाद झिजते आणि हायड्रोजन तयार होतो तो मिश्रधातूच्या पृष्ठभागावर. काही कठीण केलेले निकेल मिश्रधातू त्या हायड्रोजनने तडकतात, म्हणून अशा धातूंची चाचणी मुद्दाम पोलादाशी जोडून घ्यावी लागते. विहिरीत आम्ल सोडायची वेळ आली तर १३ क्रोमची नळी त्या आम्लानेही खाल्ली जाते, हेही निवडीच्या वेळीच बघायचे असते. प्रत्येक धातूला आपापला शत्रू असतो. सगळ्या शत्रूंना पुरून उरणारा धातू बाजारात नाही.

सर्टिफिकेटचा मुद्दा मी शेवटी ठेवला नाही, कारण या पट्ट्यात सर्वांत जास्त भरवसा त्याच्यावर आहे. 'मटेरियल नेसप्रमाणे आहे' असा शिक्का टीसीवर, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेटवर, असला की क्वालिटीवाला समाधानी, परचेसवाला मोकळा. ते मानक १९७५ साली आले, २००३ पासून आयएसओ १५१५६ या नावानेही चालते, आणि ते स्वतःच्या मर्यादा अगदी स्पष्ट सांगते. त्याचा विषय तडकणे हा आहे. भिंत झिजून पातळ होणे, खड्डे पडणे या गोष्टी त्याच्या कक्षेत नाहीत. बनवणाऱ्याने धातू मानकात बसतो एवढे सांगायचे, पण त्या विहिरीला तो धातू योग्य आहे की नाही, ही जबाबदारी वापरणाऱ्याची. टीसी पाहून विहीर सुरक्षित आहे म्हणणारा माणूस त्या कागदावर नसलेली गोष्ट वाचत असतो. शिवाय टीसी निघते ती गिरणीतून निघालेल्या नळीची. त्यानंतर कपलिंग कापताना, नळी थंड अवस्थेत सरळ करताना, दुरुस्तीचे वेल्डिंग करताना जे होते त्याचे काय? थंड अवस्थेत पाच टक्क्यांहून जास्त वाकवलेल्या पोलादाचा ताण किमान ५९५ अंशांना तापवून काढावा लागतो. जॉबवर हीट नंबर ठोकायचा तर धारदार पंच जास्त ताणाच्या जागी चालत नाही, टिंब-टिंब उठवणारा कमी ताणाचा शिक्का लागतो. एका चुकीच्या जागी ठोकलेला नंबर पुढे तड्याचे मूळ होऊ शकतो. हे काम गिरणीचे नाही, आपल्या शॉपचे आहे.

आणखी एक आक्षेप येतो, तो प्रामाणिकही असतो: ऑर्डर देताना विहिरीत काय आहे हे नक्की माहीत नसते, मग वरचा ग्रेड घेण्यावाचून मार्ग काय? माहिती कमी असते हे खरे. पण माहिती नसताना 'वरचा' कोणता, हे तरी कसे ठरवणार? वर पाहिलेच आहे की थंड सल्फाइडसाठी जो वरचा तो गरम क्लोराइडसाठी खालचा असू शकतो. अज्ञानाला एकच उत्तर असते, माहिती गोळा करणे. शेजारच्या विहिरींचे पाण्याचे आणि वायूचे नमुने असतात, क्षेत्राचा इतिहास असतो. आणि माहिती घेताना आजच्या विहिरीची घेऊन भागत नाही. तेलाच्या थरात दाब टिकवण्यासाठी समुद्राचे पाणी टोचतात, मुंबई हायवर हे १९८०च्या दशकापासून चालले आहे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असते आणि सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवणारे जिवाणू असतात. त्यामुळे सुरुवातीला स्वच्छ असलेले क्षेत्र अनेक वर्षांनी सल्फाइडयुक्त होऊ शकते. केसिंग तर तीच राहणार. म्हणून केसिंगची निवड पहिल्या दिवसाच्या वायूवर नव्हे, विहिरीच्या शेवटच्या दशकातल्या संभाव्य वायूवर करायची असते. हे काम अवघड आहे, अनुमानाचे आहे, पण ते टाळून महाग धातू घेतल्याने ते झालेले असत नाही.

राहिला 'आम्ही ड्रॉइंगप्रमाणे माल देतो' हा शेवटचा बचाव. ड्रॉइंगमध्ये ग्रेड असतो, विहीर नसते. रावेतच्या वर्गांत धातुशास्त्राचा धडा घेणाऱ्या विद्यार्थ्याने, चाकणच्या परचेसच्या टेबलावर बसलेल्याने आणि भोसरीत भट्टी चालवणाऱ्याने एक साधी सवय लावून घ्यावी. सल्फाइडच्या कामाची चौकशी आली की दर सांगण्यापूर्वी विचारायचे: एकूण दाब किती, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड किती, क्लोराइड किती, पीएच किती, तापमान तळाला किती आणि विहीर बंद असताना वर किती, भाग पॅकरच्या वर बसणार की खाली, शेजारी कोणता धातू असणार. टेम्पर झाल्यावर किमानाबरोबर कमाल कठीणपणाही मोजायचा आणि प्रत्येक जॉबचा लिहून ठेवायचा. या प्रश्नांची उत्तरे नसताना जो वरचा ग्रेड सुचवतो, त्याने निवड केलेली नसते. अशी चौकशी पूर्ण होईपर्यंत दर देऊ नका.